पाटीत कधीच नसलेलं नाणं

माझ्याकडे तीसेक देशांची नाणी आहेत आणि ती सगळी मिळून एका हिंगाच्या डबीत मावतात. हे मी छाती फुगवून सांगतो आणि ऐकणारा दरवेळी जरा निराश होतो. त्याला वाटलेलं असतं, ट्रंका असतील, अल्बम असतील. माझा नियम साधा आहे. नाणं माझ्या करंगळीच्या नखावर मावलं पाहिजे. कड बाहेर डोकावली की बाद, मग ते कुठल्या का बादशहाचं असेना. रशियाच्या जुन्या झारांची चांदीची नाणी आहेत, हुबेहूब माशाची खवलं. दक्षिणेतलं एक सोन्याचं फनम आहे. नेपाळचा एक कापीव तुकडा तर इतका हलका, की पंखा चालू असताना डबी उघडायची नाही असा आमच्या घरात कायदा आहे. पनामाचं एक नाणं नखाच्या किंचित बाहेर जातं. त्याच्यासाठी मी महिनाभर नख वाढवलं.

बायको म्हणते, "घर वन बीएचके, त्यात छंदही वन बीएचकेच." बदलापूरला शिरगावात आमचं घर आहे. तिसरा मजला, लिफ्ट आहे पण असते असं नाही.

ही आवड कशी लागली म्हणाल तर नोकरीतून. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत मी लॅबमध्ये होतो. काचेच्या पेटीतला तराजू, त्यावर मिलिग्रॅम मोजायचे. अशी एकतीस वर्षं गेली की माणसाला मोठ्या वस्तू अंगावर येतात. लॅबमध्ये माझा लौकिक होता, की हा गृहस्थ हात धुऊन, पुसून, वाळवल्याशिवाय चिमट्यालासुद्धा शिवत नाही. नवीन पोरांना माझं उदाहरण द्यायचे. ती पोरं आता कुठे असतील कोण जाणे. पुढचं त्यांनी वाचू नये.

निवृत्तीनंतर मी एक रविवार सोडून एक रविवार स्कूटरने उल्हासनगरला जायचो. तिथल्या एका कॅम्पात सोनारांची गल्ली आहे, तिच्यात एका सिंधी शेटचं चांदीचं दुकान. वयाने माझ्याएवढाच, पोटाने दुप्पट. लोक जुने पैंजण, वाळे, मोडके करंडे मोडीत घालायला आणतात, त्यात कधीतरी एखादं बारीक जुनं नाणं येतं. दागिन्याला लटकवलेलं, भोक पाडलेलं. शेट ते मुशीत टाकण्याआधी एका झाकणात बाजूला काढून ठेवायचा.

"आओ साईं," तो मला बघून ओरडायचा, "तुमचा कचरा जमलाय बघा."

"कचऱ्याला भाव काय?"

"कचऱ्याला कसला भाव? चहा तुम्ही पाजा."

आणि चहा नेहमी तोच पाजायचा.

दुकानाबाहेर एक बाई असायची. गल्ली तिला मावशी म्हणायची. मीही म्हणायचो, आणि ती मला काका म्हणायची. खरंतर ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल, पण दोघांनीही एकमेकांना म्हातारं करून टाकलेलं होतं. ती झारेकरीण. म्हणजे सोनारांच्या दुकानांपुढची धूळ झाडून, धुऊन, तिच्यातून सोन्याचांदीचे कण काढणारी. कारागीर कानस मारतो तेव्हा कण उडतात, त्याच्या केसांत बसतात, कपड्यांवर बसतात, आणि तो बाहेर पडला की रस्त्यावर सांडतात. तुम्हाआम्हाला तो रस्ता दिसतो. तिला ते पेरलेलं वावर.

त्या गल्लीतल्या आठ दुकानांपुढची धूळ तिची होती. कागद नाही, सही नाही. आधी तिची सासू झाडायची, मग ही. दिवाळीच्या पाडव्याला प्रत्येक दुकानात नारळ न्यायचा, शेटने नारळाला हात लावला की पुढच्या पाडव्यापर्यंत तेवढी धूळ तिची. दुसऱ्या कुणी तिथे कुंचा टेकवायचा नाही. हा करार मी कंपनीतल्या कुठल्याही करारापेक्षा नीट पाळलेला पाहिलाय.

जाता-येता मी तिला डिवचायचो. "मावशी, काही गावलं का बारीक?"

"गावलं की. खडा गावलाय. ठिवलाय तुमच्यासाठी, डोळ्यात घाला."

एकदा मात्र तिने खरंच मला एक चकती दिली. काळपट, गोल, मधे उंचवटा. "घ्या काका, तुमच्या कुठल्या देशाचं असंल ते." मी दोन दिवस भिंग लावून देश शोधत होतो. तुर्कस्तानपर्यंत पोचलो होतो. बायकोने एका नजरेत सांगितलं, की ते शर्टाचं टिचबटण आहे. पुढच्या रविवारी मी मावशीला हे सांगितलं तेव्हा ती कुंचा टाकून हसली, आणि गल्लीतल्या आठही दुकानांना ती गोष्ट दुपारपर्यंत कळली.

आता त्या रविवारचं. होळीच्या आधीचा रविवार होता. शेटने दाल-पकवान मागवलं होतं. पकवान म्हणजे कुरकुरीत मैद्याची पुरी, वर चण्याची डाळ, कांदा आणि चिंचेची गोड चटणी, चांगली चिकट. आमचं खाणं अर्ध्यावर असताना शेटला काय वाटलं, त्याने तिजोरीच्या आतल्या कप्प्यातून एक पुडी काढली.

"साईं, आज एक चीज दाखवतो. कोणाला दाखवत नाही."

पुडीत हरभऱ्याच्या डाळीएवढं चांदीचं नाणं होतं. सिंधमध्ये फार जुन्या काळी अरबी अमीर होते, त्यांच्या वेळचं. मी पुस्तकांत चित्र पाहिलं होतं, हातात कधी घेतलं नव्हतं. शेटचा आजा फाळणीच्या वेळी तिकडून निघाला तेव्हा त्याच्या सदऱ्याच्या शिवणीत हे एवढंच राहिलं होतं. बाकी घरदार, दुकान, सगळं तिकडे. शेट म्हणाला, "इतनी सी सिंध बची है हमारे पास," आणि हसला. पण डोळे हसले नाहीत.

मी काय करायला हवं होतं? उठायला हवं होतं, नळावर जाऊन हात धुवायला हवे होते. एकतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांना हात धुवायला लावले तो मनुष्य. पण शेटने मन बदललं तर? मी चटणीचं बोट तसंच पुढे केलं आणि नाणं बोटावर टिपून घेतलं. दोन्ही बाजू पाहिल्या. अक्षरं पुसट, पण होती. एवढ्यात पकवानाचा तुकडा सदऱ्यावर पडला, मी घाईघाईने रुमाल काढून हात पुसले, सदरा पुसला, रुमाल खिशात घातला, आणि पाहतो तर बोटावर काही नाही.

"शेट, पडलं!"

मग जे होतं ते झालं. ताटल्या बाजूला, गादी उलटी, शेट त्या पोटासकट ओणवा. त्याने विचारलं, "आवाज आला का? कुठे आला?"

आणि इथे मी ते वाक्य बोललो. कुठून आलं देव जाणे. कदाचित काहीच माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली असेल. मी म्हणालो, "दाराकडे. उंबऱ्यावर टण्‌ झालं बघा."

झालं नव्हतं. काहीही टण्‌ झालं नव्हतं.

उंबऱ्यापाशी मावशी लहान ब्रश घेऊन फरशीच्या फटी झाडत होती. शेटने तिला विचारलं, तिने डोकं हलवलं. "इकडं काय आलं नाही शेट. आलं असतं तर मला दिसलं असतं." शेट तिच्याकडे एक क्षण जास्त बघत राहिला. मी पाहिलं ते. आणि पाहून खाली बघून गादीखाली शोधत राहिलो.

दुपारी दोन वाजता घरी पोचलो आणि चटणीचा सदरा रुमालासकट धुण्यात दिला. बायको धुणं भिजवत होती. तिची सवय आहे, खिसे तपासल्याशिवाय बादलीत काही टाकत नाही. मोरीतून म्हणाली, "अहो, रुमालाला हे काय चिकटलंय? डाळ?"

मला दारातूनच कळलं.

रुमालाच्या घडीत, चटणीच्या डागाच्या बरोबर मधोमध, सिंध देश बसला होता.

फोन खिशात होता. शेटचा नंबर फोनमध्ये होता. दोन वाक्यांचं काम: शेट, सापडलं, माझ्या रुमालात होतं, माफ करा. शेट शिव्या घालून हसला असता. मी काय केलं? नाणं कोमट पाण्यात धुतलं. म्हटलं, चटणीसकट कसं सांगायचं, आधी स्वच्छ तर करू. मग सुकवलं. म्हटलं, सुकतंय तोवर भिंगाखाली बघू. मग करंगळीच्या नखावर ठेवलं. असं बसलं, जणू माप घेऊन पाडलंय.

बायकोने विचारलं, "कुणाचं आहे?"

"माझंच. नवीन आणलंय."

माझ्या तोंडून ते इतकं सहज आलं, की मीच जरा चमकलो. सोमवारी म्हटलं, फोनवर नको, समक्ष जाऊ. मंगळवारी म्हटलं, स्कूटरचं पंक्चर काढायचंय. पंक्चर खरंच होतं. फक्त ते दहा मिनिटांचं काम आहे. खरं सांगायचं तर मला ते नाणं हवं होतं. ठेवायचं नव्हतं, शपथेवर सांगतो, ठेवायचं नव्हतं. फक्त आणखी थोडा वेळ हवं होतं. तीन दिवस ते डबीत इतर नाण्यांबरोबर राहिलं आणि मी दिवसातून आठ वेळा डबी उघडली. पंखा बंद करून.

बुधवारी गेलो. शेटच्या दुकानापुढे एक वेगळीच बाई झाडत होती. तरुण, डोक्याला ओढणी बांधलेली.

"मावशी कुठाय?" मी आत गेल्या गेल्या विचारलं.

"काढली," शेट म्हणाला. "सोमवारीच. सगळ्यांनी मिळून काढली, साईं. आम्ही तिची झोळी बघितली, घमेलं बघितलं, पदराची गाठ सोडायला लावली. काही नाही. पण तुम्ही आवाज ऐकला ना? मग जाणार कुठे? गल्ली बोलते, गिळलं असेल."

खिशात नाणं होतं, कागदाच्या पुडीत. तिची पदराची गाठ भर गल्लीत सोडायला लावली, हे ऐकताना मी त्या पुडीवर बोट ठेवून उभा होतो.

आता सांगायचं होतं. अगदी त्याच क्षणी. पण आता दोन वाक्यांत भागणार नव्हतं. आता विचारलं जाणार होतं, की रविवारी मिळालं तर बुधवारपर्यंत काय करत होतास?  मग माझ्या सुपीक डोक्यातून एक युक्ती निघाली. आयुष्यातल्या माझ्या सगळ्या गाढवपणांत हिचा नंबर पहिला. मला वाटलं, असं काहीतरी सांगावं की मीही सुटेन आणि मावशीही सुटेल.

"शेट, एक मिनिट," म्हणून मी बाहेर गेलो. गल्लीच्या टोकाला नळापाशी मावशीने धुऊन टाकलेल्या मातीचा ढीग असायचा. तिची पाटी तिथेच पालथी व्हायची. पाटी म्हणजे लोखंडी उथळ ताट, त्यात धूळ पाण्यात हलवत हलवत हलकी माती बाहेर सोडायची आणि जड कण खाली ठेवायचे. मी त्या ढिगापाशी पाच मिनिटं काठीने उकरल्यासारखं केलं आणि पुडीतलं नाणं काढून, मातीत माखून परत आलो.

"सापडलं शेट! मावशीच्या धुतलेल्या मातीत होतं. बघा, म्हणजे तिने घेतलंच नव्हतं. धुळीबरोबर आलं, तिला दिसलं नाही, पाटीतून मातीबरोबर फेकलं गेलं. निष्पाप आहे बिचारी."

शेटने नाणं हातात घेतलं, कपाळाला लावलं.  मग डोळे पुसून तो म्हणाला, "तिला दिसलं नाही? साईं, ती बाई केसाएवढी तार काढते त्या पाटीतून. हे दिसलं नाही? म्हणजे तिनेच लपवून नेलं होतं. गल्ली मागे लागली तेव्हा घाबरून मातीत टाकलं. आता पक्कं झालं."

मी खिशातली रिकामी पुडी चुरगाळली. 

शेजारच्या दुकानातून लोक आले. शेटने सगळ्यांना सांगितलं, की काकांनी हाताने चिखल उकरून माझ्या आजोबांची निशाणी आणली, दुसरा असता तर गुपचूप खिशात घातली असती. गल्लीने माझ्याकडे आदराने पाहिलं. मला लस्सी पाजली. आणि शेटने, मी नको नको म्हणत असताना, माझ्या हातावर एक बारीक चांदीचं नाणं ठेवलं, त्रावणकोरकडचं, करंगळीच्या नखाच्या निम्मं. "तुमच्या इमानदारीला," म्हणाला.

मी ते घेतलं. हे लिहायला नको वाटतंय, पण घेतलं. आणि घरी जाताना वाटेत थांबून एकदा बघितलंसुद्धा.

त्यानंतर दीड महिना मी उल्हासनगरकडे फिरकलो नाही. डबी कपाटात वर ठेवली. एक दिवस बायकोनेच ती काढली, "हल्ली उघडत नाही तुम्ही, काय झालंय?" म्हणून समोर ठेवली. मी सगळं सांगितलं, रुमालापासून लस्सीपर्यंत. तिने पुरतं ऐकून घेतलं.

"म्हणजे मला म्हणालात माझंच आहे, तेव्हापासून?"

"हो."

"तुम्ही चोर नाही हो," ती म्हणाली. "चोराला निदान आपण काय करतोय ते माहीत असतं." मग भाजीची पिशवी उचलून म्हणाली, "ती बाई राहते कुठे?"

ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिला डिवचलं, पण ती येते कुठून हे कधी विचारलं नव्हतं. गल्लीत विचारायचं तोंड नव्हतं. शेवटी नळापाशी कपडे धुणाऱ्या एका बाईने सांगितलं, अंबरनाथला बुवापाड्यात. बुवापाड्यात गेलो, विचारत विचारत घर सापडलं, तर कुलूप. शेजारीण म्हणाली, "ती उल्हासनगरलाच जाती. त्या खोट्या दागिन्यांच्या गल्लीत."

ज्या गल्लीत नकली दागिन्यांचे कारखाने आहेत तिथली धूळ झाडायला कुणी भांडत नाही. पितळ, जस्त आणि मुलाम्याचा वास. मावशी एका गटाराच्या कडेला बसून पाटी हलवत होती. पाटीच्या तळाशी पिवळं चमकत होतं. मला क्षणभर बरं वाटलं.

"पितळ हाय," ती वर न बघता म्हणाली. सावलीवरून तिने मला ओळखलं असावं. "किलोनं जातं. बसा."

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगून टाकलं. रुमाल, चटणी, टण्‌ न झालेला आवाज, तीन दिवस, आणि नंतरची ती युक्ती. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. दोन्हीची तयारी करून गेलो होतो. तिची पाटी हलत राहिली. रुमालाचं ऐकलं तेव्हाही, तीन दिवसांचं ऐकलं तेव्हाही. तिच्या मातीत सापडलं असं मी सांगितलं, हे ऐकलं तेव्हा पाटी थांबली.

"माझ्या पाटीतनं गेलं म्हणालात?"

"तुम्हाला सोडवायला म्हणालो, मावशी."

"केवढं होतं नाणं?"

मी बोटाच्या पेरावर दाखवलं. हरभऱ्याची डाळ.

"एवढं?" तिचा आवाज चढला. "एवढं माझ्या पाटीतनं गेलं? काका, चोर म्हणलं ते गल्ली म्हणली. गल्लीला अक्कल नाही, उद्या दुसऱ्याला म्हणंल. पण एवढा धोंडा माझ्या पाटीतनं मातीबरूबर गेला, आन्‌ मला दिसला नाही? माझ्या सासूनं ऐकलं असतं तर पाटी हिसकून घेतली असती माझी." तिने हात पदराला पुसले. "मी म्हणत व्हते, चोर म्हणाले तर म्हणाले, काम तरी कुणी देईल. दोन गल्ल्यांत गेले. तिथले म्हणले, तुला आता दिसत नाही म्हणं."

हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे शेटचा निष्कर्ष एक आणि गल्लीतल्या उरलेल्यांचा दुसरा. निम्म्यांनी तिला चोर ठरवलं होतं, निम्म्यांनी आंधळी. दोन्ही माझीच कमाई.

"मी शेटला खरं सांगतो," मी म्हणालो.

"नुसतं सांगू नका. चला. मी बी येते." आणि तिने पाटी उचलली.

त्या दोन गल्ल्यांमधलं अंतर चालत दहा मिनिटांचं आहे. ती पुढे, पाटी काखेत. मी मागे, स्कूटर ढकलत. चालू करून तिला मागे बस म्हणायची माझी हिंमत नव्हती.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी थांबू पाहत होतो, मावशीने थांबू दिलं नाही. "बोला," म्हणाली. मी बोललो. शेटच्या चेहऱ्यावर आधी काही कळलं नाही असा भाव होता, मग कळलं, मग त्याने माझ्याकडे बघणं बंद केलं. मी त्रावणकोरचं नाणं काढून काचेच्या काउंटरवर ठेवलं. त्याने त्याला हात लावला नाही.

"ठीक आहे," तो मावशीला म्हणाला. "तू चोरी नाही केली. झालं?"

"नाही झालं," मावशी म्हणाली. "शेट, कानस घ्या. चांदीवर एकदा मारा. एकदाच."

शेटने कारागिराला खूण केली. कारागिराने चांदीच्या पट्टीवर कानस एकदा फिरवली, कागदावर कण पडले, त्याने मोजले, चार. नुसत्या डोळ्यांनी मला ते दिसतही नव्हते, मी चष्मा वर-खाली करत होतो. मावशीने ते कण घमेलंभर धुळीत टाकले, हाताने कालवले, आणि नळापाशी जाऊन बसली.

गल्ली जमली. नवीन झाडणारी ओढणीवाली पोरगीही आली, कुंचा हातात धरून. मावशी पाटीत एक मूठ धूळ घ्यायची, पाणी घ्यायची, मनगट असं फिरवायची की पाणी गोल जातंय की पुढे जातंय कळायचं नाही. माती कडेवरून हळूच उतरायची. मूठ संपली की दुसरी मूठ. ऊन डोक्यावर आलं, कुणी हललं नाही. शेवटी पाटीत काळ्या वाळूची बोटभर रेघ उरली. तिने दोन थेंब पाणी टाकलं, पाटी कलती केली, अंगठ्याने कडेवर टिचकी मारली. काळी रेघ मागे सरकली आणि तिच्या टोकाला चांदी उभी राहिली. तीन कण. मग तिने पुन्हा टिचकी मारली. चौथा.

"हे ऱ्हातं माझ्या पाटीत," ती म्हणाली. "आन्‌ ते जाईल?"

 कारागिराने वाकून पाहिलं आणि मान हलवली, जशी आपल्या धंद्यातल्या माणसाने दुसऱ्याला बघून हलवावी. शेट तिला म्हणाला, "मावशी, चुकलं." ते मी ऐकलं. पण त्या पोरीकडे बोट करून पुढे म्हणाला, "पण आता पाडव्यापर्यंत हिची जागा आहे. नारळ घेतलाय आम्ही. हिची काय चूक?"

ओढणीवाली पोरगी खाली बघत होती. तिचीही काही चूक नव्हती. ते सगळ्यांनाच दिसत होतं, आणि मी तिथे असून नसल्यासारखा उभा होतो.

मावशीने वाद घातला नाही. चार कण कागदात बांधून शेटच्या हातात दिले, पाटी धुतली आणि पितळेच्या गल्लीकडे चालू लागली.

त्या दिवशी चहा आला नाही. मी शेटची पुन्हा माफी मागितली, तो म्हणाला, "जाऊ द्या साईं," आणि गिऱ्हाइकाकडे वळला. रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी पुढे बोलता येतं. मी नंतरही जात राहिलो. तो बसा म्हणायचा. झाकण मात्र काउंटरवर कधी दिसलं नाही, आणि मी विचारलं नाही.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पावसात त्या नकली गल्लीत गटार वर येतं, धूळच राहत नाही. तिला त्या दिवसांत काय मिळत असेल, या विचारापाशी मी थांबायचो. बायको दोनदा बुवापाड्यात जाऊन आली. डबा घेऊन गेली होती. मावशीने डबा घेतला, घासून परत केला, आणि म्हणाली, "काकांना सांगा, येऊ नका. लोकं विचारत्यात कोण म्हणून."

पाडव्याला मात्र मी गेलो. सकाळी आठला, दुकानांवर तोरणं लागत होती. कुणाला काही म्हणायचं नव्हतं, फक्त बघायचं होतं.

मावशी शेटच्या दुकानापुढे झाडत होती.

मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. मग मी आलो होतो त्या टोकाला मागे नजर गेली. तिकडे ती ओढणीवाली झाडत होती. आठ महिन्यांत चार दुकानांना तिची सवय झाली होती, त्यांनी नारळ तिचा घेतला होता. मधे कुणीतरी खडूने फरशीवर रेघ मारली होती.

मी जवळ गेलो. म्हटलं, "मावशी, बाकीची चार?"

"गेली."

"पॉलिशवाला तिकडंच ना?"

"व्हय."

पॉलिशच्या दुकानापुढे सगळ्यात जास्त पडतं, हे इतक्या वर्षांत मलाही कळलं होतं. सासूपासून आलेली निम्मी गल्ली, आणि तीही चांगली निम्मी, माझ्या एका रुमालाने रेघेपलीकडे नेऊन टाकली होती. मी काहीतरी म्हणणार होतो. खिशात पेढ्यांचा पुडा होता, तो काढणार होतो.

"पाय उचला," ती म्हणाली.

"काय?"

"तिकडनं आलात ना, पॉलिशवाल्याकडनं? उचला पाय."

मी शटरला धरून एका पायावर उभा राहिलो. तिने माझी चप्पल उलटी धरली, लहान ब्रशने तळव्याच्या एकेका खाचेतून धूळ काढली आणि आपल्या सुपलीत झाडून घेतली. वर पाहिलं नाही. शेट आतून बघत होता.

"आता दुसरा," ती म्हणाली.